पाण्यातील सेंद्रिय कार्बन व अमोनिया यांचे मापन

पाण्यातील सेंद्रिय कार्बन व अमोनिया यांचे मापन ही पाण्याची रासायनिक गुणवत्ता ठरविण्यासाठी प्रयोगशाळेत केली जाणारी दोन मूलभूत परीक्षणे आहेत. सेंद्रिय कार्बनाचे प्रमाण पाण्यात सजीवांपासून, सांडपाण्यातून किंवा उद्योगांतून आलेली कार्बनयुक्त संयुगे किती आहेत हे दर्शविते. अमोनियाचे प्रमाण बहुधा नत्रयुक्त पदार्थांच्या अलीकडे झालेल्या विघटनाची, म्हणजेच ताज्या प्रदूषणाची खूण मानली जाते. दोन्ही घटक डोळ्यांना दिसत नाहीत आणि नैसर्गिक पाण्यात त्यांचे प्रमाण बहुधा लिटरमागे काही मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असते. म्हणून त्यांचे मापन नेहमी अप्रत्यक्षपणे करावे लागते. सेंद्रिय कार्बनाचे कार्बन डाय-ऑक्साइड वायूत रूपांतर करून तो वायू मोजतात. अमोनियाचे रंगीत संयुगात रूपांतर करतात, त्याला वायुरूपात बाहेर काढतात किंवा विद्युत विभवाच्या रूपाने त्याची नोंद घेतात. त्यामुळे मिळालेला आकडा कोणत्या रूपाचा आहे, तो कोणत्या पद्धतीने काढला आणि नमुना कसा टिकविला होता, हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लावता येत नाही.

मापनाची गरज

पिण्याच्या पाण्याच्या निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीन वापरतात. पाण्यात अमोनिया असल्यास क्लोरीनची त्याच्याशी अभिक्रिया होऊन क्लोरामाइन संयुगे तयार होतात. ही संयुगे मुक्त क्लोरीनपेक्षा पुष्कळ सौम्य जंतुनाशक आहेत. सर्व अमोनिया नष्ट होऊन मुक्त क्लोरीन शिल्लक राहू लागण्याच्या अवस्थेला भंगबिंदू क्लोरीनीकरण म्हणतात. सैद्धांतिक हिशेबाने अमोनियातील १ भाग नायट्रोजनासाठी वजनाने सुमारे ७.६ भाग क्लोरीन लागतो. प्रत्यक्षात तो ८ ते १० भागांपर्यंत लागू शकतो. कच्च्या पाण्यातील अमोनिया अचानक वाढल्यास क्लोरीनची मात्रा अपुरी पडते आणि पाणी निर्जंतुक झाले नसतानाही ते झाल्याचा समज होऊ शकतो. दिल्लीतील वझीराबाद व चंद्रावल येथील जलशुद्धीकरण केंद्रांना यमुनेच्या पाण्यातील अमोनिया लिटरमागे सुमारे १ मिलिग्रॅमच्या वर गेल्यास पाण्याचे उत्पादन घटवावे किंवा थांबवावे लागते. शहरातील नळाला पाणी येणे अशा वेळी प्रयोगशाळेतील एका आकड्यावर अवलंबून असते.

सेंद्रिय कार्बनाचाही क्लोरीनीकरणाशी संबंध आहे. कुजलेल्या वनस्पतींपासून पाण्यात येणाऱ्या ह्यूमिक पदार्थांशी क्लोरीनची अभिक्रिया होऊन क्लोरोफॉर्मसारखी ट्रायहॅलोमिथेन संयुगे बनतात, हे १९७४ साली नेदरलँड्स व अमेरिका येथील संशोधनांतून स्पष्ट झाले. तेव्हापासून क्लोरीन घालण्यापूर्वी पाण्यातील सेंद्रिय कार्बन कमी करणे हे जलशुद्धीकरणाचे एक उद्दिष्ट बनले. औषधनिर्मिती व अर्धवाहक उद्योगांत लागणाऱ्या अतिशुद्ध पाण्यासाठीही सेंद्रिय कार्बनाचे मापन आवश्यक असते. मत्स्यपालनात मात्र अमोनिया हाच अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण त्याचे मुक्त रूप अल्प प्रमाणातही माशांना घातक असते.

इतिहास

जर्मन रसायनशास्त्रज्ञ युलियस नेस्लर यांनी १८५६ साली अमोनिया ओळखण्यासाठी पारा व आयोडीनयुक्त अल्कधर्मी अभिकारक सुचविला. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सेलँ बर्थेलो यांनी १८५९ साली अमोनिया, फिनॉल व हायपोक्लोराइट यांच्या अभिक्रियेतून निळा रंग मिळतो असे नोंदविले. या दोन रंगक्रिया पुढे अमोनिया-मापनाच्या मुख्य पद्धतींचा पाया ठरल्या.

कार्बन मोजावा की अमोनिया, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये तीव्र वादाचा विषय झाला होता. शहरात पटकीच्या साथी येऊन गेल्या होत्या. १८६६ च्या साथीचा फटका पूर्व लंडनला विशेष बसला होता. पाणी सुरक्षित आहे की नाही हे रसायनशास्त्रज्ञांनी सांगावे अशी अपेक्षा होती. मात्र रोगजंतू ओळखण्याचे साधन तेव्हा उपलब्ध नव्हते. जेम्स आल्फ्रेड वँकलिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८६७ साली एक पद्धत मांडली. तीत पाण्याचे सोडियम कार्बोनेटसह ऊर्ध्वपातन करून प्रथम मुक्त अमोनिया गोळा करीत. नंतर उरलेल्या पाण्यात अल्कधर्मी पोटॅशियम परमँगनेट घालून ऊर्ध्वपातन पुढे चालू ठेवीत. प्रथिनांसारख्या पदार्थांच्या विघटनातून या टप्प्यात सुटणाऱ्या अमोनियाला त्यांनी ‘अल्ब्युमिनॉइड अमोनिया’ असे नाव दिले. दोन्ही टप्प्यांतील अमोनिया नेस्लर अभिकारकाच्या रंगावरून मोजला जाई.

एडवर्ड फ्रँकलंड व हेन्री आर्मस्ट्राँग यांनी १८६८ साली याहून वेगळी पद्धत प्रसिद्ध केली. त्यांनी पाण्यात सल्फ्युरस आम्ल घालून कार्बोनेटे घालविली, पाणी आटवून कोरडा अवशेष मिळविला आणि तो निर्वात नळीत लेड क्रोमेट किंवा कॉपर ऑक्साइडासारख्या ऑक्सिडीकारकाबरोबर जाळला. निघालेले वायू पाऱ्याच्या पंपाने ओढून घेऊन त्यांच्या आकारमानावरून सेंद्रिय कार्बन व सेंद्रिय नायट्रोजन काढले जात. फ्रँकलंड त्या काळी लंडनच्या पाणीपुरवठ्याचे नियमित विश्लेषण करीत असल्यामुळे या पद्धतीला मोठे वजन होते.

दोन्ही पक्षांचे एकमेकांवरील आक्षेप बव्हंशी योग्य होते. अल्ब्युमिनॉइड अमोनियाच्या पद्धतीत निरनिराळ्या संयुगांतील नायट्रोजनाचा निरनिराळा अंशच मुक्त होतो, त्यामुळे आकडा तुलनेपुरताच उपयोगी पडतो. ज्वलनाच्या पद्धतीत पाणी आटविण्यास दीर्घकाळ लागतो, त्या अवधीत बाष्पनशील पदार्थ उडून जातात आणि हवेतील अमोनिया अवशेषात शिरू शकतो. शिवाय तिला महागडी उपकरणे व कुशल हात लागतात. वँकलिन यांची पद्धत सोपी व जलद असल्यामुळे आरोग्य अधिकाऱ्यांमध्ये ती अधिक रूढ झाली. १८८० च्या दशकात रॉबर्ट कॉख यांच्या जंतुसंवर्धन पद्धती प्रचारात आल्यावर पाण्याची सुरक्षितता ठरविण्याचे काम मुख्यतः जीवाणुशास्त्राकडे गेले. रासायनिक मापनांचा उपयोग प्रदूषणाचे मूळ व प्रमाण समजण्यासाठी होऊ लागला.

डॅनिश रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांनी १८८३ साली सेंद्रिय नायट्रोजनाचे अमोनियात पूर्ण रूपांतर करण्याची पद्धत शोधली. अमेरिकेत पाण्याच्या परीक्षणाच्या प्रमाणित पद्धतींचा संग्रह १९०५ साली प्रथम प्रसिद्ध झाला. पाण्याचा सूक्ष्म नमुना थेट भट्टीत सोडून निघालेला कार्बन डाय-ऑक्साइड अवरक्त किरणांनी मोजण्याची जलद पद्धत १९६३ साली प्रसिद्ध झाली आणि फ्रँकलंड यांच्या काळात फार वेळ घेणारे काम काही मिनिटांवर आले.

कार्बनाची रूपे

पाण्यातील एकूण कार्बनाचे दोन मुख्य भाग पडतात. विरघळलेला कार्बन डाय-ऑक्साइड, बायकार्बोनेट व कार्बोनेट मिळून असेंद्रिय कार्बन होतो. उरलेल्या कार्बनाला एकूण सेंद्रिय कार्बन किंवा टीओसी म्हणतात. पाणी ०.४५ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळणीतून गाळल्यावर जो सेंद्रिय कार्बन पाण्यात राहतो तो विद्राव्य आणि गाळणीवर अडकतो तो कणरूप समजतात. ही विभागणी सोयीची आहे. अतिसूक्ष्म कलिल कणही या गाळणीतून पलीकडे जातात. हवा किंवा वायू बुडबुड्यांच्या रूपाने सोडला असता पाण्यातून निघून जाणारी संयुगे बाष्पनशील गटात मोडतात.

बहुतेक नैसर्गिक पाण्यांत असेंद्रिय कार्बन सेंद्रिय कार्बनापेक्षा कितीतरी अधिक असतो. महाराष्ट्राचा मोठा भाग व्यापणाऱ्या बेसॉल्ट खडकांतील भूजलात बायकार्बोनेट हा सामान्यतः प्रमुख ऋण आयन असतो. एखाद्या विहिरीच्या पाण्याची अल्कता कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने लिटरमागे ३०० मिलिग्रॅम असेल, तर त्यात केवळ बायकार्बोनेटच्या रूपाने सुमारे ७२ मिलिग्रॅम कार्बन असतो. त्याच पाण्यातील सेंद्रिय कार्बन मात्र एकदोन मिलिग्रॅमच असू शकतो.

अमोनियाची रूपे

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो: मुक्त अमोनिया आणि धन भारित अमोनियम आयन. त्यांचे परस्परप्रमाण सामू (पीएच) व तापमान यांवर ठरते. २५ अंश सेल्सियस तापमानाला सामू सुमारे ९.२५ असताना दोन्ही रूपे समप्रमाणात असतात. सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी सुमारे ०.६ टक्के, ८ असताना सुमारे ५ टक्के आणि ९ असताना सुमारे ३६ टक्के अमोनिया मुक्त असतो. माशांच्या कल्ल्यांतून मुक्त रूपच सहज आत शिरते. म्हणून दोन तलावांतील एकूण अमोनिया सारखा असूनही, दुपारी शैवालाच्या प्रकाशसंश्लेषणामुळे ज्या तलावाचा सामू वाढतो त्यातील मासे मरू शकतात आणि दुसऱ्यातील जगू शकतात.

प्रयोगशाळेतील बहुतेक पद्धती दोन्ही रूपांची बेरीज मोजतात. मुक्त अमोनियाचे प्रमाण नंतर सामू व तापमान यांवरून गणिताने काढतात. यासाठी ही दोन मापने नमुना घेतानाच, जागेवर करावी लागतात.

एककांबाबतही दक्षता आवश्यक असते. निकाल अमोनिया, अमोनियम किंवा त्यांतील नायट्रोजन यांपैकी कोणत्याही रूपात देता येतो. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन म्हणजे १.२२ मिलिग्रॅम अमोनिया किंवा १.२९ मिलिग्रॅम अमोनियम होय. हा उल्लेख राहून गेला तर एकाच नमुन्याचे दोन अहवाल सुमारे एक चतुर्थांशाने वेगळे वाटू शकतात.

नमुना घेणे व टिकविणे

पाण्यातील सूक्ष्मजीव नमुना बाटलीत भरल्यावरही कार्यरत असतात. ते सेंद्रिय पदार्थ खाऊन कार्बन कमी करतात, तसेच अमोनियाचे नायट्राइट व नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. म्हणून परीक्षण त्याच दिवशी होणार नसेल तर नमुन्यात आम्ल घालून सामू २ पेक्षा कमी करतात आणि तो सुमारे ४ अंश सेल्सियसला ठेवतात. कमी सामूला अमोनिया पूर्णपणे अमोनियम रूपात राहतो व वायुरूपाने निसटत नाही. नमुन्यात क्लोरीन असल्यास तो सोडियम थायोसल्फेटने त्वरित नष्ट करावा लागतो, अन्यथा अमोनिया क्लोरामाइनमध्ये बदलतो.

सेंद्रिय कार्बनासाठी गडद रंगाच्या काचेच्या बाटल्या वापरतात. साध्या प्लॅस्टिकमधून किंवा रबरी बुचातून सेंद्रिय पदार्थ पाण्यात उतरू शकतात. विद्राव्य कार्बनासाठी वापरायची गाळणी आधी शुद्ध पाण्याने धुऊन घेतात, कारण नव्या गाळणीतूनही कार्बन सुटतो. अमोनियाच्या परीक्षणात प्रयोगशाळेची हवाच दूषित असू शकते. फरशी पुसण्याची अमोनियायुक्त द्रावणे, जवळच उघडी ठेवलेली अमोनियाची बाटली किंवा धूम्रपान यांमुळे कमी प्रमाणाचे निकाल बिघडतात. अमोनियाविरहित पाणी मिळविण्यासाठी ऊर्ध्वपातित पाणी आयन-विनिमय रेझिनमधून नेतात आणि शक्यतो लगेच वापरतात.

सेंद्रिय कार्बनाचे मापन

असेंद्रिय कार्बन वेगळा करणे

सेंद्रिय कार्बन काढण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात एकूण कार्बन व असेंद्रिय कार्बन वेगवेगळे मोजून वजाबाकी करतात. दुसऱ्या मार्गात नमुन्याला आम्ल घालून सामू २ किंवा त्याखाली आणतात, कार्बोनेट व बायकार्बोनेट यांचे कार्बन डाय-ऑक्साइडमध्ये रूपांतर करतात आणि शुद्ध वायूच्या बुडबुड्यांनी तो हाकलून देतात. नंतर उरलेला कार्बन मोजतात. फ्रँकलंड यांनी सल्फ्युरस आम्लाने साधलेला हेतू याच टप्प्यात साधला जातो.

असेंद्रिय कार्बन जास्त असताना वजाबाकीचा मार्ग फसवा ठरतो. एखाद्या पाण्यात एकूण कार्बन लिटरमागे ७४ मिलिग्रॅम व असेंद्रिय कार्बन ७२ मिलिग्रॅम आढळला आणि प्रत्येक मापनात २ टक्के अनिश्चितता असली, तर सेंद्रिय कार्बन २ मिलिग्रॅम येतो. परंतु त्यातील अनिश्चितताही सुमारे २ मिलिग्रॅम असते. अशा निकालाला व्यवहारात अर्थ उरत नाही. म्हणून कठीण पाणी व भूजल यांसाठी आम्ल घालून वायू हाकलण्याचा मार्ग पसंत केला जातो. त्यात बाष्पनशील सेंद्रिय संयुगेही निघून जातात. त्यामुळे पेट्रोल किंवा द्रावके यांनी दूषित झालेल्या पाण्यात या मार्गाने मिळालेला आकडा खऱ्या प्रमाणापेक्षा कमी येतो.

उच्च तापमानाचे ज्वलन

या पद्धतीत नमुन्याचे काही सूक्ष्म थेंब ६८० ते ९५० अंश सेल्सियस तापमानाच्या भट्टीत सोडतात. भट्टीत बहुधा प्लॅटिनमसारखा उत्प्रेरक असतो व तीतून ऑक्सिजन किंवा शुद्ध केलेली हवा वाहत असते. सर्व कार्बनाचे कार्बन डाय-ऑक्साइड बनते. निघालेल्या वायूतील बाष्प थंड करून काढतात, हॅलोजन शोषून घेतात आणि वायू शोधकाकडे नेतात. कणरूप व सहजी न विघटणाऱ्या पदार्थांसाठी ही पद्धत उत्तम समजली जाते. समुद्राच्या किंवा खाऱ्या पाण्यातील क्षार मात्र उत्प्रेरकावर साचतात व त्याचे आयुष्य कमी करतात.

आर्द्र ऑक्सिडीकरण

यात नमुन्यात पर्सल्फेट घालून तो तापवितात किंवा त्यावर अतिनील किरण सोडतात. निर्माण होणारे अतिक्रियाशील मूलक सेंद्रिय पदार्थांचे ऑक्सिडीकरण करतात. नमुन्याचे आकारमान मोठे घेता येत असल्यामुळे अत्यल्प कार्बन मोजण्यास ही पद्धत योग्य असते. क्लोराइड अधिक असल्यास पर्सल्फेट त्यावर खर्च होतो व निकाल कमी येतो. मोठे कण व काही स्थिर संयुगे अपूर्ण जळतात.

कार्बन डाय-ऑक्साइडचा शोध

कार्बन डाय-ऑक्साइड ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त किरणांचे तीव्र शोषण करतो. या शोषणावरून वायूचे प्रमाण ठरविणारा अवरक्त शोधक सर्वाधिक वापरात आहे. अतिशुद्ध पाण्याच्या उपकरणांत वायू पातळ पटलातून शुद्ध पाण्यात जिरवून त्या पाण्याच्या विद्युतवाहकतेतील वाढ मोजतात.

अंशांकन

प्रमाण द्रावणासाठी पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट वापरतात. ते शुष्क व स्थिर असून त्याच्या वजनाचा सुमारे ४७ टक्के भाग कार्बन असतो. त्याचे २.१२५ ग्रॅम १ लिटर पाण्यात विरघळविले असता लिटरमागे १,००० मिलिग्रॅम कार्बनाचे द्रावण मिळते. औषधनिर्मितीतील पाण्यासाठी उपकरणाची आणखी एक कसोटी घेतात: सहज जळणारी साखर (सुक्रोज) आणि कठीणपणे जळणारे बेंझोक्विनोन यांची समान कार्बन असलेली द्रावणे तपासतात. दोहोंचे निकाल जवळजवळ सारखे आले, तरच उपकरण सर्व प्रकारची संयुगे पुरती जाळते असे मानतात.

अप्रत्यक्ष पद्धती

सेंद्रिय पदार्थांचा अंदाज त्यांना लागणाऱ्या ऑक्सिजनवरूनही घेतात. रासायनिक ऑक्सिजन मागणीच्या परीक्षणात नमुना पोटॅशियम डायक्रोमेट व तीव्र सल्फ्युरिक आम्ल यांसह दोन तास उकळतात. जैवरासायनिक ऑक्सिजन मागणीचे परीक्षण सूक्ष्मजीवांकडून करवून घेतले जाते. ते पारंपरिक रीतीने २० अंश सेल्सियसला ५ दिवस, तर भारतीय मानकांत २७ अंश सेल्सियसला ३ दिवस चालते. ही परीक्षणे कार्बन मोजत नाहीत. जैवरासायनिक परीक्षणात अमोनियाचाही हस्तक्षेप होऊ शकतो. अमोनियातील १ ग्रॅम नायट्रोजनाचे नायट्रेटमध्ये रूपांतर होताना सुमारे ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन खर्च होतो. नायट्रीकरण करणारे जीवाणू रोधकाने थांबविले नाहीत, तर हा खर्चही सेंद्रिय पदार्थांच्या खात्यावर जमा होतो.

अमोनियाचे मापन

ऊर्ध्वपातन व अनुमापन

सांडपाण्यासारख्या गढूळ किंवा रंगीत नमुन्यात बोरेट बफर घालून सामू ९.५ करतात व ऊर्ध्वपातन करतात. वाफेबरोबर येणारा अमोनिया दर्शकयुक्त बोरिक आम्लात गोळा होतो. नंतर त्याचे ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्लाने अनुमापन करतात. या आम्लाचा १ मिलिलिटर ०.२८ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनाइतका असतो. उदाहरणार्थ, २५० मिलिलिटर नमुन्यासाठी ६.४ मिलिलिटर आणि कोऱ्या नमुन्यासाठी ०.२ मिलिलिटर आम्ल लागले, तर ६.२ गुणिले २८० भागिले २५० या हिशेबाने निकाल लिटरमागे ६.९ मिलिग्रॅम येतो. ही पद्धत साधारणतः ५ मिलिग्रॅमहून अधिक प्रमाणासाठी वापरतात. सामू याहून बराच वाढविल्यास युरियासारखी संयुगे विघटित होऊन जादा अमोनिया सुटतो.

नेस्लर पद्धत

नेस्लर अभिकारकामुळे अमोनियायुक्त पाण्याला पिवळा ते तपकिरी रंग येतो. पूर्वी ५० मिलिलिटरच्या उभ्या काचनळ्यांत नमुना व प्रमाण द्रावणे शेजारी शेजारी धरून डोळ्यांनी तुलना करीत. या नळ्यांना आजही नेस्लर नळ्या म्हणतात. नंतर ४०० ते ४२५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे शोषण स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजले जाऊ लागले. पद्धत सोपी असली तरी कॅल्शियम व मॅग्नेशियममुळे द्रावण गढूळ होते. अभिकारकातील पारा विषारी असल्याने वापरलेल्या द्रावणाची विल्हेवाट ही मोठी अडचण असते. त्यामुळे या पद्धतीची जागा हळूहळू इतर पद्धतींनी घेतली आहे.

फिनेट पद्धत

बर्थेलो यांच्या रंगक्रियेवर आधारलेल्या या पद्धतीत अल्कधर्मी द्रावणातील अमोनियाची हायपोक्लोराइटशी अभिक्रिया होऊन मोनोक्लोरामाइन बनते. त्याची फिनॉलशी अभिक्रिया होऊन गडद निळे इंडोफिनॉल तयार होते. सोडियम नायट्रोप्रुसाइड हे उत्प्रेरकाचे काम करते. रंगाची तीव्रता ६४० नॅनोमीटरला मोजतात. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचा साका बसू नये म्हणून सायट्रेट घालतात. फिनॉल विषारी व दाहक असल्यामुळे अनेक प्रयोगशाळा त्याऐवजी सॅलिसिलेट वापरतात. लिटरमागे शतांश मिलिग्रॅम इतका अमोनियाही या पद्धतीने मोजता येतो. रंग पूर्ण येण्यास लागणारा काळ व तापमान सर्व नमुन्यांसाठी आणि प्रमाण द्रावणांसाठी सारखेच ठेवणे आवश्यक असते.

अमोनिया इलेक्ट्रोड

या इलेक्ट्रोडच्या टोकाला केवळ वायूला आरपार जाऊ देणारे जलरोधक पटल असते. नमुन्यात सोडियम हायड्रॉक्साइड घालून सामू ११ च्या वर नेला की सर्व अमोनियम मुक्त अमोनियात बदलतो. तो पटलातून आतल्या अमोनियम क्लोराइडच्या द्रावणात शिरतो व तेथील सामू बदलतो. हा बदल विद्युत विभवाच्या रूपाने नोंदला जातो. अमोनियाचे प्रमाण दहापट झाल्यास २५ अंश सेल्सियसला विभव सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलतो. हे नाते लघुगणकीय असल्यामुळे १ मिलिव्होल्टची चूक निकालात सुमारे ४ टक्क्यांची चूक ठरते. पाण्याचा रंग व गढूळपणा यांचा अडथळा होत नाही. अल्कली इलेक्ट्रोड बुडविल्यानंतरच घालावी लागते, अन्यथा अमोनिया हवेत निसटतो. बाष्पनशील अमाइन संयुगे असल्यास निकाल वाढून येतो.

इतर पद्धती

आयन वर्णलेखनात अमोनियम हा सोडियम, पोटॅशियम इत्यादी धन आयनांपासून स्तंभात वेगळा होतो व विद्युतवाहकतेने मोजला जातो. सोडियम फार असल्यास दोहोंची शिखरे एकमेकांत मिसळतात. मोठ्या संख्येने नमुने असल्यास फिनेट किंवा सॅलिसिलेट रंगक्रिया अखंड प्रवाहाच्या स्वयंचलित उपकरणात घडवितात. सेंद्रिय नायट्रोजनही हवा असल्यास केल्डाल पद्धतीने नमुना सल्फ्युरिक आम्ल, पोटॅशियम सल्फेट व कॉपर सल्फेट यांसह तापवून पचवितात, नंतर अल्कली घालून सुटणारा अमोनिया मोजतात. अमोनिया व सेंद्रिय नायट्रोजन यांच्या या बेरजेत नायट्राइट व नायट्रेट धरले जात नाहीत.

गुणवत्ता नियंत्रण

प्रत्येक संचाबरोबर कोरा नमुना, प्रमाण द्रावणे आणि एका नमुन्याची दोन स्वतंत्र मापने घेतात. अमोनियाच्या प्रमाण द्रावणासाठी ३.८१९ ग्रॅम शुष्क अमोनियम क्लोराइड १ लिटर पाण्यात विरघळवितात. त्यात लिटरमागे १,००० मिलिग्रॅम नायट्रोजन असतो. रंगमापनात शोषण व प्रमाण यांचे सरळ रेषेतील नाते ठरावीक मर्यादेतच टिकते. नमुना त्या मर्यादेबाहेर गेल्यास तो पातळ करून पुन्हा मोजतात.

नमुन्यातील इतर घटक अभिक्रियेत अडथळा आणतात का, हे ज्ञात मात्रा मिसळून पाहतात. एखाद्या नमुन्यात लिटरमागे ०.४० मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन आढळला, त्यात ०.५० मिलिग्रॅम मिसळला आणि पुन्हा मोजल्यावर ०.७२ आले, तर मिसळलेल्यापैकी केवळ ६४ टक्केच परत मिळाला. साधारणतः ८० ते १२० टक्के मर्यादा स्वीकारार्ह धरतात. म्हणून अशा वेळी मूळचा ०.४० हा आकडाही संशयास्पद ठरतो. ऊर्ध्वपातन करून किंवा वेगळी पद्धत वापरून तो पडताळावा लागतो.

मानके व निकालांचा अर्थ

भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या मानकानुसार एकूण अमोनिया, नायट्रोजनाच्या हिशेबाने, लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे आणि त्यात सवलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने अमोनियासाठी आरोग्यावर आधारित मर्यादा ठरविलेली नाही. मात्र अल्कधर्मी पाण्यात सुमारे १.५ मिलिग्रॅमला त्याचा वास येऊ लागतो असे नमूद केले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात मत्स्यपालन व वन्यजीवांसाठीच्या पाण्यात मुक्त अमोनिया, नायट्रोजनाच्या हिशेबाने, १.२ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा अशी अट आहे. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील सर्वसाधारण मानकांनुसार नदीनाल्यांत सोडायच्या सांडपाण्यात अमोनिया-नायट्रोजन ५० मिलिग्रॅम व मुक्त अमोनिया ५ मिलिग्रॅम यांच्या मर्यादेत असावा लागतो. अमेरिकी औषधसंहितेत शुद्धीकृत पाण्यातील सेंद्रिय कार्बनाची मर्यादा लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम आहे.

यांतील काही मर्यादा एकूण अमोनियासाठी आणि काही केवळ मुक्त अमोनियासाठी आहेत. त्यामुळे निकालाची मर्यादेशी तुलना करण्यापूर्वी दोन्ही आकडे एकाच रूपाचे व एकाच एककातील आहेत याची खात्री करावी लागते.

मर्यादा

सेंद्रिय कार्बनाचा आकडा संयुगांची ओळख सांगत नाही. लिटरमागे ३ मिलिग्रॅम कार्बन पानगळीच्या निरुपद्रवी अर्कातूनही येऊ शकतो आणि विषारी कीटकनाशकातूनही. अमोनियाही केवळ मैल्यातून येतो असे नाही. ऑक्सिजनविरहित खोल भूजलात तो नैसर्गिकरीत्या आढळतो आणि शेतातील खतांतूनही पाण्यात उतरतो. उलटपक्षी, अमोनिया न आढळणे ही सुरक्षिततेची हमी नसते, कारण जुन्या प्रदूषणातील अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर झालेले असू शकते. दोन्ही मापने रोगजंतूंविषयी थेट काहीच सांगत नाहीत. त्यासाठी कॉलिफॉर्म व ई-कोलाय जीवाणूंची स्वतंत्र परीक्षणे करावी लागतात. एकाच ठिकाणचे नमुने एकाच पद्धतीने दीर्घकाळ तपासल्यास नेहमीच्या पातळीतील बदल लक्षात येतो, आणि प्रदूषणाचा इशारा देण्यासाठी या मापनांचा सर्वाधिक उपयोग अशाच नोंदींतून होतो.